घाटावर, म्हणजे नेमकं कुठं?

आमच्या अपघात विभागात भिंतीवर एक तक्ता आहे. डोक्याला मार लागलेला माणूस आला की त्याच्यावरून गुण द्यायचे. डोळे उघडण्याचे चार, बोलण्याचे पाच, सांगितल्याप्रमाणे हातपाय हलवण्याचे सहा. पंधरापैकी पंधरा म्हणजे माणूस शुद्धीवर. एकेक गुण उतरू लागला की समजायचं, कवटीच्या आत काहीतरी बिघडतंय. बुलढाण्यात वीस वर्षं नर्स म्हणून काढल्यावर मला तो तक्ता बघावाही लागत नाही, असा माझा तोरा होता.

त्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास एका जीपवाल्याने पन्नाशीच्या माणसाला आणून सोडलं. घाटातल्या वळणावर मोटारसायकल घसरली होती. गाडीचं तोंड चढाकडे, मागे बांधलेले भाजीचे रिकामे कॅरेट रस्त्यावर विखुरलेले, असं जीपवाल्याने सांगितलं. "घरच्याइले फोन केला, येऊन राह्यले," एवढं बोलून तो निघून गेला. माणसाच्या कानामागे सूज होती, एकदा उलटीही झाली होती. पण डोळे टक्क उघडे होते. नाव विचारलं तर नाव सांगितलं, हात वर करा म्हटलं तर दोन्ही हात वर केले.

डॉक्टर मॅडम पुण्याच्या, येऊन जेमतेम चार महिने झालेल्या. त्यांनी वाकून विचारलं, "काका, आत्ता तुम्ही कुठे आहात?"

"घाटावर," तो म्हणाला.

मॅडमनी बोलण्याचा एक गुण कापला. गोंधळलेला रुग्ण, एकूण चौदा. "उलटी झालीय आणि चौदा आहेत, मग थांबायला नको. संभाजीनगरला पाठवू," त्या म्हणाल्या. मेंदूचं ऑपरेशन आमच्याकडे होत नाही, आणि तिथं पोचायला तीन तास तरी लागतात.

मला हसू आलं. खरं सांगायचं तर जरा जास्तच आलं. मी घाटाखालची. आमच्याकडे लहान पोरालाही विचारा, बुलढाणा कुठं? ते म्हणेल, घाटावर. बाजाराला जायचं तर घाटावर, कोर्टकचेरी घाटावर, मुलगी दिली तीही घाटावर. "मॅडम, उत्तर बरोबर आहे," मी म्हटलं. "खालच्या माणसाला हे सगळं गावच घाटावर. चढाकडे तोंड होतं म्हणजे खालूनच आला असणार. आमची बोली आहे ती, गोंधळ नाही." मॅडम ओशाळल्या. त्यांनी चौदावर काट मारून पंधरा लिहिले, शेजारी सही केली. "मग इथेच लक्ष ठेवू," त्या म्हणाल्या. माझी कॉलर ताठ झाली.

दर अर्ध्या तासाने मी विचारायला जायची. "भाऊ, कुठं आहा तुम्ही?"

"घाटावर."

पंधरा. पुन्हा अर्ध्या तासाने तेच. पंधरा. तिसऱ्या वेळी त्याचे डोळे मिटलेले होते, हाक मारल्यावर उघडले. इथं खरं तर डोळ्यांचा एक गुण जायला हवा. पण रात्री शेतात पाण्याची पाळी असेल, झोप राहिली असेल, असं मीच मनाशी म्हटलं आणि चारच्या चार दिले. त्याला कुणी विचारलं नव्हतं पाळीचं. मघाशी एवढ्या तोऱ्यात बोलले होते. आता कोणत्या तोंडाने मॅडमना बोलवायचं? मी दुसऱ्या खाटेकडे वळले, आणि वळूनही त्याच्याकडेच बघत राहिले.

अकरा वाजता त्याची बायको आली. वावरातूनच आली होती, पायाला माती तशीच. मी तिच्यादेखत पुन्हा विचारलं. त्याने डोळे न उघडताच सांगितलं, "घाटावर."

ती माझ्याकडे बघायला लागली. "हे असं काऊन बोलून राह्यले?"

"काऊन म्हणजे? आपल्या खालच्या लोकाइले हे घाटावरच ना, बाई."

"खालचे कोण? आम्ही देऊळघाटचे," ती म्हणाली. "पहाटे वांगे घेऊन खाली मोताळ्याले गेलते हे. माल टाकून वापस येऊन राह्यले होते."

देऊळघाट इथलंच, वरचं. तिथला माणूस बुलढाण्याला घाटावर कशाला म्हणेल? त्याच्यासाठी हे नुसतं बुलढाणा. घाटावर म्हणजे मनाने तो अजून घाटातल्या त्या वळणावरच पडलेला होता. पुण्याच्या पोरीने बरोबर ओळखलं होतं, आणि बोलीची जाणकार असलेल्या मी तिला चुकवलं होतं. कॅरेट रिकामे होते, हेही माझ्या कानावर पडलं होतं. माल विकायला वर येणारा रिकामे कॅरेट घेऊन येतो का?

"भाऊ, हात वर करा." डावा हात वर गेला. उजवा नुसता हलला. डाव्या डोळ्याची बाहुली उजवीपेक्षा मोठी दिसली, की मला तसं वाटलं? मी मॅडमना ओरडून बोलावलं. आता तेरा होते. पंधरा मिनिटांत अँब्युलन्स निघाली. तिचा भोंगा ऐकू येईनासा झाला तरी मी दारातच उभी होते. दोन तास. मी त्याचे दोन तास खाल्ले होते.

कागदावरच्या त्या खोडलेल्या चौदाशेजारी सही मॅडमची होती, माझी कुठंच नव्हती. संध्याकाळी फोन आला, ऑपरेशन झालं, पुढचं सांगता येत नाही. त्यानंतरचे आठ दिवस मी फोन वाजला की दचकायची.

तीन महिन्यांनी दोघं नवराबायको दवाखान्यात आले. बायकोने पिशवीभर मेथी आणली होती. "तुमच्यामुळं वाचले हे," ती म्हणाली.

मला राहवेना. "माझ्यामुळं उशीर झाला, बाई," मी म्हटलं आणि घाटावरचा सगळा घोळ सांगून टाकला. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "मंग काय, मेथी वापस नेऊ?"

हसावं की रडावं मला कळेना. तेवढ्यात त्याने पिशवी उचलून माझ्यापुढे धरली. "घ्या, सिस्टर." डाव्या हाताने. उजवा हात मांडीवर तसाच पडून होता.

आता मी तक्त्याकडे बघण्याआधी विचारते, गाव कोणतं?