चारशे बारावा ठोका

माझी भाची यंत्रं चालवणारे प्रोग्राम दुरुस्त करते. पूर्वी मी याला काम म्हणत नव्हतो. आता म्हणतो.

गेल्या वर्षी आमच्या कारखान्यातल्या प्रेसचा प्रोग्राम तिच्याकडे आला. त्याच प्रेसखाली माझ्या पाळीतल्या जोडीदाराची तीन बोटं गेली होती. "मी बटण दाबलं नव्हतं," तो सांगत राहिला. दाबलंच असणार, असं मी चौकशीत लिहून दिलं. घरात कुठे काही खट् वाजलं, की मी अजून हात मागे घेतो.

जेवताना भाचीला म्हणालो, "अपघाताच्या दिवशी त्याने बटण दाबलं चारशे अकरा वेळा, मी मोजत होतो. मीटरवर ठोके चारशे बारा."

तिचा घास हातातच राहिला. "मामा, हे कुणाला सांगितलंत?"

"मोजण्यात चुकलो असेन."

"तुम्ही? जिन्याच्या पायऱ्या मोजत चढता."

तिने समजावलं. ठोका मारणारं काम, म्हणजे प्रोग्रामचा एक तुकडा, रांगेत झोपलेलं असतं. बटणाचा इशारा आला की एक प्रोसेसर त्याला उठवतो. इशारा आलाच नाही, तर मुदत संपताच दुसरा उठवतो, तेव्हा खूण नसल्यामुळे ते ठोका न मारता पुन्हा झोपतं. दोन्ही एकाच क्षणी घडलं, तर एका वेळी एकालाच आत सोडणाऱ्या कुलपाशी दुसरा अडकतो. तेवढ्यात काम ठोका मारून पुन्हा झोपतं. मग दुसरा आत येऊन त्यालाच उठवतो. मागच्या इशाऱ्याची खूण पुसलेली नसते. ते पुन्हा ठोका मारतं.

तिने टेबलावर प्रेसचा छोटा व्हॉल्व्ह जोडला आणि बरोबर मुदतीच्या काठावर इशारे सोडत राहिली. चौथ्या दुपारी इशारा नसताना व्हॉल्व्ह वाजला. खट्. माझे हात मांडीखाली गेले.

दुरुस्ती चार ओळींची. कुलूप मिळाल्यावर पुन्हा बघायचं, मुदत या झोपेची की मागच्या? मागची असेल तर परत फिरायचं. खूणही वेळीच पुसायची. मग अकरा दिवस ती ठोके आणि इशारे जुळवत बसली.

"चार ओळींना अकरा दिवस?"

"ओळींना दहा मिनिटं लागली, मामा. बाकी खात्रीला."

तिच्या अहवालात माझी मोजणीही होती; त्याची प्रत घेऊन मी जोडीदाराकडे गेलो. दोन बोटांत कागद धरून त्याने शेवटपर्यंत वाचला.

"म्हणजे तुझी मोजणी बरोबर होती."

"हो."

"चौकशीत लिहून दिलंस, तेव्हाही मोजलेलं होतं?"

मी हो म्हणालो. त्याची बायको चहा टाकायला उठली होती. त्याने तिला हाताने थांबवलं.