जीपच्या टायरला सुतळीचं माप

माझं शुद्धलेखन चुकतं आणि अक्षर तर कोंबडीनं अंगण उकरल्यासारखं आहे, त्याबद्दल माफी. शाळा चौथीपर्यंतच झाली. पण टायरवरचा नंबर मला वाचता येतो, त्याबद्दल मात्र मी कोणाची माफी मागणार नाही.

आम्ही सानगडीचे, धानाची शेती करणारे. लग्नसराईत वऱ्हाड वाहून चार पैसे मिळतील म्हणून आमच्या ह्यांनी जुनी जीप घेतली. तिचे पुढचे दोन टायर इतके गुळगुळीत, की त्यात पाहून कुंकू लावता आलं असतं. पहिलं वऱ्हाड आठ दिवसांवर आलं. टायर नसते तर ते दुसऱ्याच्या गाडीत बसलं असतं. मी माहेरहून मिळालेल्या दोन बकऱ्या विकल्या. एका टायराला एक बकरी!

आता माप. पोरांच्या चपला आणायच्या तर आम्ही पायाला सुतळी लावतो, गाठ मारतो आणि बाजारात ती गाठ दाखवतो. मीच ह्यांना म्हटलं, "अवो, टायरलेही सुतळीच लावा ना." (हो, मीच. आधीच लिहून ठेवते, म्हणजे दुसऱ्या कोणी सांगायला नको.) टायरवर 6.00-16 लिहिलेलं मी बोट लावून वाचलं होतं. हे म्हणाले, ते कंपनीचं असते, आपल्याले काय करायचं.

लाखनीला हमरस्त्यावर जुन्या टायरचं दुकान होतं. ह्यांनी तिथं जीपला टायर पाहिजेत म्हणून सांगितलं आणि सुतळी दाखवली. दुकानदारानं गाठीला जुळणारे दोन टायर दिले. उंची तंतोतंत. चाकावर मात्र चढेनात! पहार लावली, साबण चोळला, माझे भासरे (ह्यांचे मोठे भाऊ) टायरवर उभे राहून नाचले. सासऱ्यांनी निकाल दिला, की उन्हानं चाकच फुगलं आहे.

शेवटी पंक्चरवाल्याला बोलावलं. त्यानं आधी आमचे, मग विकत आणलेले टायर वाचले आणि खाली बसून हसला. म्हणाला, "सहा म्हणजे रुंदी, सोळा म्हणजे मधलं भोक, इंचात. यावर पंधरा आहे. बाहेरून सुतळी लावली भाऊ, भोक कोण मोजन?"

सगळ्या घरानं माझ्याकडे पाहिलं.

वऱ्हाडाला चार दिवस उरले. पैसे परत आल्याशिवाय सोळाचे टायर येणार नव्हते, आणि ह्यांना दुकानात जायची लाज वाटून राहिली होती. लाजायचं काम आमच्या घरात माझं! मग मीच टायर धुतले, एसटीच्या टपावर टाकले आणि लाखनीला गेले.

दुकानदार म्हणाला, "बाई, विकलेला माल वापस नाही होत."

मी पदर पुढे ओढून म्हटलं, "जीपले सोळाचा लागते, हे तुमाले मालूम होतं. मंग पंधराचा काहून देला?"

एवढ्यावरच माझे शब्द संपले. म्हणून दारातच टायर एकावर एक ठेवून त्यांवर बसले. गिऱ्हाइकं विचारत, मी नुसतं पंधरावर बोट ठेवी. ट्रकवाले वाकून आपापले टायर वाचू लागले. दुपारी त्यानं चहा पाजला. प्यायले, बसून राहिले. त्यानं निम्मे पैसे पुढे केले, मग पाऊण. मी हलले नाही. शेवटी त्यानं गल्ला उघडून सगळे पैसे माझ्या पदरात मोजले.

लाखनीत अजून सांगतात, बाई मोठी हट्टी. मी खोडून काढत नाही. खरं तर निम्म्यावरच उठणार होते. पण दोन्ही पायांना अशा मुंग्या आल्या होत्या, की पुरते पैसे मिळेपर्यंत उठताच आलं नाही.