कासवाचं तोंड पूर्वेला का होतं?

आधीच सांगून टाकतो, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. या सदरात लोक जे लिहितात ते मी बायकोला मोठ्याने वाचून दाखवतो आणि हसतो. माझी सगळी नोकरी डोंबिवली एमआयडीसीतल्या एका केमिकल लॅबमध्ये गेली. सॅम्पल स्वतः तपासल्याशिवाय सही करायची नाही, ही सवय. मग हे कशाला लिहितोय? तर बायको, म्हणजे मंदा, परवा वैतागून म्हणाली, "लोकांना हसता ना, मग आपलं पण लिहा की एकदा. आणि लिहून झालं की खाली कारणही लिहा." कारणच तर सांगता येत नाही... इतकी वर्षं झाली, अजून डोकं फिरतं.

नव्वदच्या दशकाचा मध्य असेल. आम्ही राहायला डोंबिवली पूर्वेला, मानपाड्याच्या बाजूला. मूळचे तिथलेच, आगरी. माझे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणायचो, तरुणपणी खाडीकाठच्या मिठागरात, आमच्या बोलीत आगरावर, राबले. नंतर शेती केली, मग शेतीवर कंपन्या उभ्या राहिल्या. शेवटी शेवटी त्यांचं डोकं काम करेना. आता त्या आजाराला इंग्रजी नाव आहे, तेव्हा लोक सरळ म्हणायचे, म्हातारा चळला. मंदाला ओळखायचे, कारण ती जेवायला वाढायची. मला नाही. मी समोर बसलो की पाहुण्याशी बोलतात तसं अदबीने, "बसा, पाणी घ्या." स्वतःच्या घरात, स्वतःच्या बापाकडून हे ऐकायचं! रोज कामावरून आलो की सांगायचो, दादा, मी सुरेश. ते हां हां करायचे आणि थोड्या वेळाने परत विचारायचे, कोणाकडे आलात? खोटं कशाला बोलू, मला दुःखापेक्षा रागच जास्त यायचा. एकदा, फक्त एकदा त्यांनी मला ओळखून नावाने हाक मारावी म्हणून डॉक्टर झाले, वैद्य झाले, बदाम उगाळून झाले. काडीचा उपयोग नाही.

त्यात त्यांना निघून जायची खोड. मिठागराचं काम दिवाळीनंतर सुरू होतं, ते अंगात भिनलेलं. थंडी पडली की निघाले कामाला. एकदा एका कंपनीच्या गेटवर सापडलेले, वॉचमनला दम देत होते की माझ्या शेतात तू काय करतोस म्हणून.

मंदा शाळेत शिकवायची. त्या वर्षी नाताळच्या सुट्टीत शाळेच्या निसर्गमंडळाचा कॅम्प ठरला, घरच्यांना घेऊन या म्हणाले. दादांना दिवा स्टेशनजवळ माझ्या बहिणीकडे ठेवायचं ठरलेलं. ऐन वेळी बहिणीचा निरोप, नळाला पाणी नाही, दादांना आंघोळ कशी घालू? अगं, दिव्याला नळाला पाणी होतं कधी? पण भांडणार कोणाशी. घेतलं दादांना बरोबर.

जागा केळव्याच्या पुढे, तेव्हा तो सगळा पट्टा ठाणे जिल्ह्यातच यायचा. पश्चिमेला समुद्र, किनाऱ्यावर सुरूचं बन, बनात आमचे तंबू. बनाच्या मागे गाव आणि वाड्या. आणि गावाच्याही मागे, म्हणजे समुद्राच्या बरोबर उलट्या बाजूला, खाडीचा एक फाटा येतो. हा फाटा मला तेव्हा ठाऊक नव्हता, आमच्यापैकी कोणालाच नव्हता. एवढं ध्यानात ठेवा.

कॅम्प म्हणजे नुसता मनस्ताप. तंबू कोणाकडून तरी मागून आणलेले, खुंट्या अपुऱ्या. खिचडीत वाळू. मी दादांच्या मनगटाला धरूनच फिरत होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांना कासवांचं हॉस्पिटल बघायला नेलं. हॉस्पिटल म्हणजे एक पत्र्याची शेड आणि आत सिमेंटच्या गोल टाक्या. जनावरांचे एक डॉक्टर स्वतःच्या हौसेने चालवायचे. जाळ्यात जखमी झालेली समुद्री कासवं कोळी लोक तिथे आणून द्यायचे. आता ते बंद झालंय, म्हणून नाव देत नाही.

एका टाकीत एक मोठं कासव होतं. जाळ्याच्या दोरीने पुढचा एक पर, म्हणजे वल्ह्यासारखा पाय, कापला गेलेला. डोक्यावर हे एवढं हळदकुंकू. डॉक्टर चिडलेले, म्हणाले की मी रोज पुसतो आणि ही बाई रोज लावते. ही बाई म्हणजे हिराबाई, कोळीवाड्यातली, टाक्यांसाठी मासळी घेऊन यायची. तिच्याच पुतण्याच्या जाळ्यात ते आलेलं. त्यांच्यात रीत अशी की जाळ्यात कासव आलं तर त्याला हळदकुंकू लावायचं, नारळ ठेवायचा, चूक झाली म्हणून हात जोडायचे आणि सोडून द्यायचं. देवच तो त्यांचा. हे जखमी, म्हणून घाईघाईत थेट इथे आणलं आणि रीत राहून गेली. तेव्हापासून कासव खाईना, टाकीच्या तळाशी दगडासारखं पडून. हिराबाईचं म्हणणं, रुसलंय. डॉक्टरांचं म्हणणं, इन्फेक्शन. दोघांचं हे रोजचं असावं, कारण कोणीच आवाज चढवत नव्हतं.

दादा टाकीच्या कठड्यावर बसले आणि बोलायला लागले. कासवाशी. घरात पाणी द्या, जेवण द्या याच्यापलीकडे शब्द न काढणारा माणूस... मिठागराच्या गोष्टी सांगत होता. भरतीचं पाणी कसं घ्यायचं, वाफ्यातला चिखल पायांनी तुडवून तुडवून जमीन कशी घट्ट करायची, सगळे एका रांगेत कसे नाचल्यासारखे पाय मारायचे. आणि कासव तळातून वर आलं. त्यांच्यासमोर येऊन थांबलं. दादा उठून टाकीच्या दुसऱ्या बाजूला गेले, तर तेही वळून तिकडे. सगळे हसायला लागले. मी म्हटलं, सकाळी सुके बोंबील खाल्लेत त्यांनी, हाताला वास येत असेल. डॉक्टरनाही ते पटलं. मला दादांचा मात्र असा संताप आला की विचारू नका. जनावराशी एवढ्या गप्पा, आणि मला काय तर बसा, पाणी घ्या!

दुपारी जेवणं झाली, सगळे सुरूखाली आडवे झाले. माझाही डोळा लागला. उठून बघतो तर दादा नाहीत.

मग जे सुरू झालं... प्रत्येकाचा वेगळा सल्ला. मी म्हटलं, हा माणूस पाण्याकडेच जाणार, किनारा धरा. अर्धे लोक उत्तरेला पळाले, अर्धे दक्षिणेला. भरती सुरू झालेली. एवढा लांब किनारा, आणि वाळूत शंभर लोकांच्या पावलांचे ठसे, त्यात म्हाताऱ्याचे कुठले ओळखणार? मी ओरडून ओरडून घसा बसवून घेतला. सगळा वेळ डोक्यात एकच, की बाप असा गेला तर मला न ओळखताच गेला.

मंदा हॉस्पिटलकडे गेलेली, तिला वाटलं दादा तिथेच असतील. नव्हते. पण ती धावत आली आणि म्हणाली, अहो, ते कासव बघायला चला. मी तिच्यावर असा खेकसलो की बरोबरचे शिक्षक दुसरीकडे बघायला लागले. ती हलली नाही. म्हणाली, "किनारा सगळा बघून झालाय ना? मग चला."

कासव टाकीच्या एका कडेला डोकं लावून होतं, आणि धडक्या पराने भिंतीवर आपटत होतं. सारखं, न थांबता. तोंड बरोबर पूर्वेला, गावाच्या मागे. मी म्हटलं, बरं, मग? समुद्राकडे जायला बघत असेल. हिराबाई म्हणाली, दर्या हिकडं हाय, भाऊ, आणि तिने उलट दिशेला बोट दाखवलं. शेडचं दार पश्चिमेला, उजेड तिथून, समुद्राचा आवाज तिथून. जनावर वेडं झालं तरी तोंड तिकडे करेल! मी डॉक्टरना म्हटलं, फिरवा ह्याला. दोघा गड्यांनी उचलून पश्चिमेला तोंड करून ठेवलं. ते वळलं आणि परत त्याच जागी जाऊन आपटायला लागलं. परत फिरवलं, परत तेच. मी म्हटलं, दुसऱ्या टाकीत घाला. घातलं. तिथेही पूर्वेची कड. डॉक्टरांचा चेहरा पडलेला मी स्वतः पाहिला.

विश्वास वगैरे काही बसला नाही हो. वाद मिटवायला म्हणून मी त्या दिशेने निघालो. मंदा टाकीपाशीच थांबली. दोन शिक्षक माझ्याबरोबर आले. वाड्या ओलांडल्या, बाभळी लागल्या, आणि पुढे बघतो तर खाडी. काठाला पडीक मिठागर. किती वर्षं बंद होतं कुणास ठाऊक, बांध फुटलेले, वाफ्यांत नुसता लगदा. आणि त्या लगद्यात कमरेपर्यंत रुतलेले माझे दादा. घट्ट जमिनीवर मारतात तसे पाय मारायला गेलेले... जितके पाय मारले तितके खाली गेलेले. फुटक्या बांधातून भरतीचं पाणी आत यायला लागलं होतं. अजून थोडा उशीर झाला असता तर मी आज हे लिहीत बसलो नसतो.

शिक्षक दोर आणि फळ्या आणायला गावात पळाले. मी बांधावर पालथा पडून दादांचे दोन्ही हात धरले. नंतर माणसं आली, फळ्या टाकल्या, काढलं त्यांना. एका वाडीवाल्याच्या बैलगाडीतून गावाला मोठा वळसा घालून, दक्षिणेकडच्या रस्त्याने आणलं. औषधपाण्यासाठी पहिलं गाठलं ते कासवांचं हॉस्पिटलच, जवळ तेच होतं.

तिथे मंदा पांढरीफटक. म्हणाली, तुम्ही गेल्यावर बराच वेळ ते तसंच होतं. मग आपटायचं थांबलं आणि घड्याळाच्या काट्यासारखं हळूहळू सरकायला लागलं, पूर्वेकडून दक्षिणेला, दक्षिणेकडून दाराकडे. आम्ही दारातून आत आलो तेव्हा ते दाराकडे तोंड करून होतं. हे मी पाहिलं. बैलगाडी त्याच रस्त्याने फिरून आली होती, हे तिला कसं माहीत असणार? डॉक्टर पूर्ण वेळ तिच्या शेजारी उभे होते.

मी तिथेच डॉक्टरना धरलं. सांगा, हे काय आहे? ते म्हणाले की कासवांना दिशेची जाण असते. मी म्हटलं, उत्तर-दक्षिणेची असेल, माझ्या बापाची कशी असेल? मग म्हणाले, पंपाचा आवाज. पंप उत्तरेच्या भिंतीला होता, मी जाऊन बघून आलो. मग म्हणाले, तुम्ही घाबरला होतात. अहो, मी घाबरलो होतो, कासव कुठे घाबरलं होतं? काही महिन्यांनी मी मुद्दाम परत गेलो. कासव बरं होऊन समुद्रात गेलं होतं, दादा सापडले त्याच दिवसापासून खायला लागलं होतं म्हणे. डॉक्टर मात्र म्हणाले की मी तसं काहीच पाहिलेलं नाही, माझ्या तोंडी हे घालू नका. शिकलेला एकच साक्षीदार, आणि तो सरळ उलटला!

हिराबाईला विचारलं, तर ती म्हणाली की आमच्यात कासवाला सोडताना सांगायची रीत हाय, आमचा माणूस दर्यात हाय, त्याच्यावर नजर ठेव. मी म्हटलं, अहो पण कासवाला कळतं कसं? ती उलट माझ्यावरच वैतागली. "ते मना काय म्हाईत? मी काय कासव हाय?"

तर हे असं. मी पुस्तकं वाचली, प्राणिशास्त्राच्या एका प्राध्यापकाच्या घरी जाऊन डोकं खाल्लं. योगायोग, म्हणाले. टाकी बदलल्यावरही योगायोग? मंदाचं एवढंच म्हणणं असतं की दादा वाचले ना, मग सोडा आता. दादा त्यानंतर दोन-अडीच वर्षं होते. मला सोडता येत नाही, आणि त्याचं कारण तिलाही मी कधी सांगितलेलं नाही.

बांधावर मी दादांचे हात धरून पडलो होतो, शिक्षक दोर आणायला गेलेले, तेव्हाची गोष्ट. आम्ही दोघंच होतो. पाणी त्यांच्या छातीकडे येत होतं, आणि ते अगदी निवांत होते. मला रडू येत होतं आणि रागही. मी ओरडलो, दादा, सांगून का नाही निघालात?

"सांगून आलो की," ते म्हणाले. "त्या कासवाला सांगितला. आगरावर चाललोय. माजा सुरेश शोधीत येल, त्याला वाट दाव."

सुरेश. किती वर्षांनी माझं नाव त्यांच्या तोंडून ऐकलं. मी त्यांचे हात आणखी घट्ट धरले आणि म्हणालो, "दादा, मीच सुरेश. आलो ना मी."

त्यांनी माझ्याकडे नीट निरखून बघितलं. मग अगदी अदबीने म्हणाले, "तुमचं लई उपकार झालं. पन तुमी आता जा, भरती येतेय. माजा पोर येलच."

दोर येईपर्यंत त्यांचे हात धरून तसाच पडून राहिलो.