‘थांबा’ म्हणायची मुभा

“काय दिसलं?”

कुणी ‘थांबा’ म्हटले की आमच्या मुकादमांचा उजवा हात वर जाई, सगळी माणसे जागच्या जागी उभी राहत, आणि मग ते एवढेच विचारीत. कोणी थांबवले, असे त्यांनी कधी विचारल्याचे मला आठवत नाही. तुम्हीआम्ही कुठे ना कुठे वरिष्ठ म्हणून बसलो आहोत. काम अडले की आपल्या तोंडून प्रथम ‘कोण?’ हाच शब्द निघतो. माझ्या तोंडून तो इतक्या वेळा निघाला आहे की त्यांची आठवण झाली म्हणजे ओशाळल्यासारखे होते.

महाराजांच्या कारकिर्दीत कोल्हापुरात नवे कारखाने उभे राहू लागले, त्या काळची ही हकिगत. आमच्या शेठजींच्या सरकी काढण्याच्या गिरणीसाठी आगगाडीने बॉयलर आला होता. स्टेशनापासून गिरणीपर्यंत तो ओंडक्यांवरून सरकवत न्यायचा होता. ते काम या मुकादमांनी अंगावर घेतले होते आणि देखरेखीला मी होतो. माणसे त्यांना चाचा म्हणत. अंगाने रुंद, आवाजाने त्याहून रुंद, आणि मेंदी लावलेल्या दाढीबद्दल फार हळवे. दाढीला धूळ लागली तर काम थांबले नाही तरी ते थांबत.

बॉयलरला हात लावण्यापूर्वी त्यांनी सगळ्यांना आवारात उभे करून कायदा सांगितला.

“ओढा म्हणणारा मी एकटा. सोडा म्हणणाराबी मी एकटा. पण थांबा कुणीबी म्हणायचं. आन् एकदा थांबा आलं की आभाळ पडलं तरी हलायचं न्हाय.”

मग प्रत्येकाकडून तो शब्द ओरडून घेतला. “पंत, तुमीबी.”

मी ओरडलो. म्हणजे माझ्या समजुतीने ओरडलो.

“ह्या आवाजानं मांजरबी थांबायचं न्हाय की हो!”

सगळे हसले. मीही हसलो, ते खरेच होते.

गाडे अडले ते उचगावच्या एका सुनेपाशी. बॉयलर मागेपुढे सरकू नये म्हणून ओंडक्यांना लाकडी पाचरी लावायचे काम तिचे होते. तिचा सासरा मागच्या दोरावर होता.

“मामंजींच्या म्होरं कसं वरडू?” ती पदराआडून पुटपुटली.

सासऱ्याची मान ताठ झाली. “आमच्या घरच्या बायकांचा आवाज उंबऱ्याभाईर जात न्हाय, चाचा.”

“घरात तुमचा कायदा, दोरावर माझा. ती वरडंल, न्हायतर दोघंबी घरला जावा.”

मला ती जबरदस्ती वाटली. एका बाईने नाही ओरडले तर काय बिघडते, असे मी हळूच सुचवले.

“मी म्होरं उभा. मधी एवढा बॉयलर. मागचं मला काय दिसतंय, पंत? तिला दिसतंय.”

तेव्हापासून रोज सकाळी काम सुरू होण्यापूर्वी चाचा तिच्याकडून तो शब्द म्हणवून घेत. तेवढा वेळ सासरा पाठ फिरवून उभा राही. तिचा आवाज पदराबाहेर कधी आला नाही. पण चाचांनी एकही सकाळ चुकवली नाही.

एकदा एका गड्याने सगळे थांबवले. “काय दिसलं?” तर सरडा! माणसांनी त्याची यथेच्छ टिंगल सुरू केली. चाचा म्हणाले, “सरडा तर सरडा. दिसला न्हवं? आज सरड्याला हसाल, तर उद्या कोन तोंड उघडंल? ओढा!”

शेवटचा उतार आला. तेथे बॉयलर आपल्या भाराने धावू नये म्हणून मागून दोर ताणून धरायचे आणि चाचांच्या हुकमासरशी थोडे थोडे सोडायचे, अशी रीत होती. चाचा पुढून ओरडले, “सोडा!” दोर सुटू लागले.

“थांबाऽऽ!”

असा आवाज मी त्यापूर्वी ऐकला नव्हता. चाचांचा हात वर गेला. दोर जिथल्या तिथे आवळले गेले.

“काय दिसलं?”

सुनेचा पदर खांद्यावर पडला होता, आणि ती नुसते बोट दाखवीत होती. सासऱ्याच्या घोट्याभोवती दोराचा फेरा पडला होता. आणखी हातभर दोर सुटता, तर तो फेरा आवळून पाय गेला असता, कदाचित माणूसही.

पाचरी ठोकल्या, फेरा सोडवला. म्हातारा खाली बसून पायाची बोटे हलवून पाहत राहिला. मग वर पाहून म्हणाला, “एवढा आवाज हाय व्हय गं तुला? आन् घरात चार-चार हाका मारल्या तरी ओ देत न्हाईस!”

ती रडता रडता हसली, आणि मग आम्ही सगळेच हसलो. छातीवरचा धोंडा उतरल्यावर माणसे हसतात तसे. चाचांनी त्या दिवशी पुढचे काम बंद केले. “आज कुनाचं हात खरं न्हाईत,” ते म्हणाले. मी हरकत घेतली नाही.

गिरणीचे काम संपल्यावर चाचा दुसऱ्या गावी गेले आणि पुन्हा भेटले नाहीत. मला ते आठवतात ते त्या संध्याकाळचे, पाठमोरे. उचगावच्या वाटेने सून पुढे चालली होती, आणि सासरा तिच्या मागून, आपल्या दोन्ही पायांवर. दोघे दिसेनासे होईपर्यंत चाचा रस्त्यातच उभे होते. दाढी धुळीने पार माखली होती. त्यांनी ती झटकलीही नाही.