न्हाव्याच्या दुकानापर्यंतचा फूटपाथ

इन्साफला आताशा घराबाहेर पाय ठेवला की आधी चीड यायची, रस्ता नंतर दिसायचा. नवऱ्याच्या, रातिबच्या खुब्याचं ऑपरेशन झालं आणि तो वॉकर घेऊन घरी आला, तेव्हापासून तिची नजरच बदलली होती. पूर्वी याच गल्लीत तिला कुंपणावरची जाई दिसायची, कोणाच्या खिडकीला नवे पडदे लागले ते दिसायचं. आता वॉकरचे चार पाय कुठे टेकतील, एवढंच ती बघायची. ते टेकतील अशी जागाच दिसत नव्हती.

अम्मानच्या त्या चढावरच्या गल्लीत ज्याचं घर, त्याचा फूटपाथ. प्रत्येकाने आपल्या गाडीच्या सोयीने त्याची उंची ठरवलेली आणि आपल्या आवडीची फरशी बसवलेली. एकाचा घोट्याएवढा, दुसऱ्याचा गुडघ्याएवढा, तिसऱ्याने तर पुसून पुसून आरसा केलेला. त्यात मधोमध हौसेने लावलेलं झाड. अख्खी गल्ली मुकाट्याने रस्त्यातून गाड्या चुकवत चालायची आणि प्रत्येक घरमालक आपल्या तुकड्याकडे बघून खूश व्हायचा. डोक्यात जायचं ते हेच.

उताराच्या टोकाला झकी न्हाव्याचं दुकान होतं. रातिबचा अड्डा तोच. दाढी होवो न होवो, सकाळचा चहा तिथेच व्हायचा. व्यायाम शिकवायला येणारी मुलगी स्पष्ट सांगून गेली होती, थंडी पडायच्या आत रोज चालायला लागले नाहीत तर पाय आखडेल, मग जन्मभर खुर्ची. पण रातिब उंबरठा ओलांडायला तयार नव्हता.

"पडलो एवढं पुरे," तो म्हणायचा. "त्या अबू हातिमच्या पायऱ्यांनी हौस फिटली माझी."

शेजारच्या अबू हातिमने घरात चढायला संगमरवरी पायऱ्या केल्या होत्या, त्याही थेट फूटपाथवर. रातिब पडला त्या दिवशी तो इन्साफला त्याच पायऱ्यांवर विव्हळत बसलेला सापडला होता. त्यामुळे उन्हाळाभर तिने अबू हातिमला सोडलं नाही. भाजी घेताना, कचरा टाकताना, त्याच्या पाहुण्यांसमोरसुद्धा.

"उम्म सुहैब, त्या पायऱ्या किती शोभून दिसतात ते तरी बघा," तो एकदा काकुळतीला आला. गल्ली दोघांना मुलाच्या नावानेच हाक मारायची: ती उम्म सुहैब, म्हणजे सुहैबची आई, आणि रातिब अबू सुहैब, त्याचा बाप.

"दिसतात ना. माझा नवरा पण खुर्चीत शोभून दिसतो. या एकदा बघायला."

शेवटी तिच्या तोंडाला कंटाळून त्याने पायऱ्या फोडल्या, सिमेंटचा उतार केला आणि स्वतः दारात येऊन उभा राहिला. "चला अबू सुहैब. आज झकीकडे मी सोडतो तुम्हाला. म्हणजे तुमच्या घरात आणि माझ्या कानांत शांतता होईल."

आता नाही म्हणायला तोंड नव्हतं. रातिब निघाला. मागे इन्साफ, पुढे अबू हातिम. दारातून बाहेर पडून ते झकीच्या दुकानाकडे वळले आणि थोड्याच अंतरावर थांबले. समोर त्यांचं स्वतःचं ऑलिव्हचं झाड होतं, सुहैब जन्मला त्या वर्षी रातिबनेच लावलेलं. खोड आणि भिंत यांच्यामधून वॉकर जाईना. पलीकडच्या बाजूला मुळांनी फरश्या उचलून उभ्या केल्या होत्या.

गल्लीतला प्रत्येक खाचखळगा इन्साफला पाठ होता. हे झाड मात्र अडचण म्हणून तिला कधी दिसलंच नव्हतं. ती त्याला रोज पाणी घालत होती. तिला स्वतःचाच संताप आला.

अबू हातिम वाकून त्या फरश्यांकडे बघत होता. "इथे तर धडधाकट माणूसही अडखळेल," तो म्हणाला.

रातिबने त्या फरश्यांवरून नजर काढली. तो घराच्या दाराकडे बघू लागला. इन्साफने त्याचा चेहरा पाहिला आणि तिला कळलं.

"तुम्ही इथे पडलात."

"दोघा पोरांनी उचलून यांच्या पायऱ्यांवर बसवलं. तू आलीस आणि त्यांच्यावरच सुटलीस." त्याचा आवाज खाली गेला. "इथे पडलो म्हटलं असतं, तर तू झाड तोडलं असतंस."

"तोडलंच असतं."

"म्हणून नाही सांगितलं."

"आणि उन्हाळाभर माझ्या सात पिढ्या उद्धरल्या गेल्या," अबू हातिम म्हणाला.

इन्साफला ओरडावंसं वाटत होतं, रडावंसंही वाटत होतं. एवढे दिवस हा माणूस पाय आखडू देत घरात बसला, तो या लाकडासाठी. "अबू हातिम," ती म्हणाली, "तुमच्याकडे करवत आहे ना?"

"फळं उतरवायला महिनाच राहिलाय, इन्साफ," रातिब म्हणाला. "तेवढा महिना थांब."

"थंडीही महिन्यावरच आलीय. तेल बाजारात मिळतं हो. तुम्ही नाही मिळणार."

अबू हातिम करवत घेऊन आला, पण खोडापाशी घुटमळत राहिला. पिढ्यानपिढ्या फळणाऱ्या ऑलिव्हला करवत लावायची म्हणजे कोणाचाही हात कचरतो. त्याने एकदा इन्साफकडे पाहिलं, एकदा रातिबकडे, आणि कमरेच्या उंचीवर करवत टेकवली.

रातिब बराच वेळ वरच्या हिरव्या फळांकडे बघत होता. मग त्याने वॉकर एकेक पाय करत मागे घेतला आणि जागा करून दिली.

"तिथे नको," तो म्हणाला. "पार जमिनीलगत कापा. खुंट राहिला तर पुन्हा कोणीतरी अडखळेल."