काव्याचं लिंबू

आमची काव्या कुणाच्याही घरी गेली की आधी छताकडे बघते. समोर चिरोट्याची ताटली धरा, हिचं लक्ष पंख्याभोवतीच्या ओलीकडे. मी तिची आत्या, मी चिडवणारच. म्हणायचे, अगं, उद्या स्थळ बघायला गेलीस तर निदान पोराचं तोंड आधी बघ, भिंती मागाहून.

बारावीनंतर हिला दोन ठिकाणी सीट मिळाली. एकीकडे कॉम्प्युटर, दुसरीकडे इमारतींची देखभाल नि तपासणी. हिला दुसरंच हवं. हिचा बाप कृष्णमूर्ती, म्हणजे आमचा अण्णा, त्याचं चिकपेटेत नळ-पाइपांचं दुकान. तो म्हणे, मी अख्खा जन्म पाइपांत घालवला तो पोरीने एसीत बसावं म्हणून. सोमवारी एक सीट पक्की करायची होती, आणि बापलेक एकमेकांशी बोलायचेच बंद झाले. मी चामराजपेटेत त्यांच्या मागच्याच गल्लीत राहते, म्हणून जेवताना मध्ये मी. "आत्या, अप्पांना सांग, स्वल्प मीठ इकडे सरकवा." मला मजा येत होती, खोटं कशाला बोलू.

रविवारी व्हाइटफील्डला माझ्या सुहासच्या नव्या फ्लॅटचा गृहप्रवेश होता. रीतीप्रमाणे दूध उतू घालवलं. माझा हात सढळ, पातेलंही मोठं. दूध ओट्यावरून फरशीवर आलं आणि मोरीकडे जायचं सोडून निघालं हॉलकडे. बायका खूश, लक्ष्मी आपणहून आत आली म्हणाल्या. काव्याने पूजेच्या ताटातलं लिंबू उचलून मोरीच्या दारात ठेवलं. ते घरंगळत गेलं थेट अण्णाच्या पायाशी.

"आत्या, उतार उलटा दिलाय. फरशी धुतली की पाणी सोफ्याखाली."

शुभ दिवशी असं बोलतात का, म्हणून अण्णा तापला. मीही डोळे वटारले, घर माझ्या लेकाचं ना. पण अण्णाने लिंबू उचललं ते काही ताटात परत ठेवलं नाही. हळूच बाथरूममध्ये शिरला. मागोमाग काव्या. इकडे पंगत बसली तरी दोघांचा पत्ता नाही. जाऊन बघते तर आमचा अण्णा धोतर खोचून ओणवा, लिंबू सोडतोय, आणि पाणी जायची जाळी एका कोपऱ्यात नि लिंबू भलत्याच. दोघं तावातावाने वाद घालत होते, माझ्याशिवाय.

अण्णा उठला, हात धुतले.

"नळ गळला की शिव्या विकणाऱ्याला. बसवणारा मोकळा. त्याला धरायचं शिकवतात का तिकडे?"

"तेच तर शिकवतात, अप्पा. लोक राहायला यायच्या आधी."

"सरी, ठीक आहे. मग तेच घे."

सुहासने बिल्डरकडून फरशी उखडून घेतली, राहायला जाणं लांबलं, त्याबद्दल मी काव्याला अजून टोमणे मारते. आता ती दुसऱ्या वर्षाला आहे. ती यायची असली की मी लिंबं फ्रीजमध्ये कोंबते. अण्णाच्या गल्ल्याशेजारी मात्र एक ताजं लिंबू कायम असतं. गिऱ्हाइकांना वाटतं, दृष्ट लागू नये म्हणून. अण्णा नुसता गालात हसतो.