आबांचं आवतण

सिल्वासात तिसऱ्या मजल्यावर राहूनही ज्यांनी खानदेशातल्या आपल्या गोठ्याबाहेर अजून पाऊल टाकलेलं नाही, असे आबा आमच्या अख्ख्या टोकरखाडा वस्तीत एकच, आणि ते नेमके माझ्या समोरच्या दाराआड राहतात. उभी हयात त्यांनी शेती आणि गुरं केली. पुढे गुडघ्यांनी संप पुकारला, तेव्हा जमीन पुतण्या ट्रॅक्टरने कसू लागला, बैलजोडी दुसऱ्या गावी गेली आणि आबांना मुलाने इथे आणलं. मुलगा आणि सून दोघंही कारखान्यात. नातू शाळेत गुजराती-हिंदी बोलतो आणि घरी मोबाइलशी. त्यामुळे आबांशी त्यांच्या मनासारखं बोलणारा प्राणी म्हणजे मी, रत्नागिरीकडचा एकटा मास्तर, आणि तोही शाळा सुटल्यावर.

माणूस भेटला की आबा आधी त्याचे पाय बघतात, मग खांदे, आणि तो हसलाच तर दात. आल्या-आल्या त्यांनी सोसायटीच्या वॉचमनला गेटपासून जिन्यापर्यंत चालवून पाहिलं आणि छाती बरी आहे, पण मागचा डावा पाय ओढतो, असा निकाल दिला. आपला मागचा पाय कुठला, हे तो बिचारा दिवसभर ज्याला-त्याला विचारत होता. सामरवरणीच्या बाजारात तर कहरच झाला. गुरांच्या बाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून सौदा ठरतो. आबांनी हीच रीत वांग्यांना लावली. भाजीवाल्या पोराचा हात उपरण्याखाली ओढून ते गंभीरपणे त्याची बोटं दाबू लागले. पोरगा आधी लाजला, मग घाबरला. "काका, हाथ छोडो ने, रिंगणां एम ज लई जाव," तो काकुळतीने म्हणाला. आबा वांगी तिथेच टाकून घरी आले. फुकट न्यायचं तर सौदा कसला, ही त्यांची तक्रार मला आठवडाभर ऐकावी लागली.

संध्याकाळी कंपन्यांच्या बसेस यायला लागल्या की आबा गेटवर जाऊन उभे राहतात. उतरणाऱ्या प्रत्येकाला आपलं जनावर घरी आल्यासारखं न्याहाळतात. मुलाला ओव्हरटाइम असला तरी हलत नाहीत. दावणीतलं एक कमी असताना मालक बसतो कसा? एकदा मी त्यांना वासोण्याच्या सफारीतला सिंह दाखवायला नेलं. सगळे फोटो काढण्यात गुंग, आणि आबा याला खायला कोण घालतं याची चौकशी करत होते. मग म्हणाले, "बिचारा एकला शे. दावणीले एकलं बांधेल जनावर चारा खात नही."

सिंहाचं माहीत नाही, पण आबा खात नव्हते हे खरं. सून भल्या सकाळी ताट झाकून जायची आणि कामावरून येऊन तेच ताट तसंच उचलायची. आबांचा सदरा अंगावर लोंबू लागला. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या. काहीही निघालं नाही. मुलगा माझ्याकडे येऊन डोकं धरून बसला. हे असंच चाललं तर म्हातारा हातचा जाईल, अशी भीती त्याला वाटत होती आणि मलाही वाटत होती.

तेवढ्यात पोळा आला. आदल्या संध्याकाळी आमच्या आबांच्या मुलखात बैलांचे खांदे हळद-तुपाने चोळतात आणि त्यांना दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं रीतसर आमंत्रण देतात. आबांनी आसपास बैल शोधायला सुरुवात केली. एका टेम्पोवाल्याने, बैल नाही पण पिकअप आहे, असं प्रेमाने सांगितलं. आबा परत आले ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

दिवेलागणीला माझी बेल वाजली. दारात आबा, हातात वाटी. फळ्यावर लिहून-लिहून माझा उजवा खांदा धरलेला, आणि तो त्यांनी कधीच हेरलेला. त्यांनी मला सदरा काढायला लावला आणि खरखरीत हातांनी हळद-तूप चोळू लागले. मला आधी हसू आलं. मग कानाशी आवाज आला, "आज आवतण घ्या, सकाय जेवाले या." मी वळून पाहिलं आणि हसू गिळलं.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून गेलो. सुनेने कामावर जाण्याआधी पुरणपोळ्या करून ठेवल्या होत्या. आबांनी मला वाढलं आणि स्वतः उभेच राहिले. बैलाने घास घेतल्याशिवाय मालक जेवत नाही. मी पहिला घास घेतला, तेव्हा ते समोर बसले आणि पोटभर जेवले. माझ्यासमोर बसून कोणी जेवल्याला किती वर्षं झाली होती, ते मला तेव्हा आठवलं.

आता रोज शाळा सुटली की मी समोरचं दार वाजवतो. आबांचं ताट तोवर झाकलेलंच असतं, फक्त शेजारी दुसरं मांडलेलं असतं. येत्या वर्षी मी निवृत्त होऊन कोकणात परत जाणार आहे. आबांना हे सांगायचं राहिलंय. रोज सांगेन म्हणतो. ते उभे असतात, आणि मी पहिला घास घेतो.